शेवटच्या आजारातली सेवा कोणावर सोपवायची? खान्देशातल्या घरांसाठी पारखण्याची रीत

आण्णांच्या फाइलवर मुंबईच्या डॉक्टरांनी शेवटच्या भेटीत तीन अक्षरं लिहिली होती, बीएससी. परतीच्या गाडीत काकांनी ती दोनदा वाचली आणि मला विचारलं, "हाई कोनतं औषध शे?" ते औषध नव्हतं. 'बेस्ट सपोर्टिव्ह केअर' असं त्याचं पूर्ण रूप. जिभेच्या कॅन्सरवरचा उपचार संपला, इथून पुढे त्रास कमी ठेवायचा, एवढाच अर्थ. तो कोणी कमी ठेवायचा आणि चोपडा तालुक्यातल्या आमच्या गावात असं काम करणारं माणूस कुठे शोधायचं, हे त्या कागदावर नव्हतं.

आम्ही घाईत निवड केली आणि ती चुकली. जागा देखणी होती. फरशी चकचकीत, खोलीला एसी, बाहेर पार्किंग. आण्णा तिथे नऊ दिवस होते. दुखलं की एक इंजेक्शन, ते उतरलं की पुन्हा कण्हणं, आणि विचारायला गेलं की "डॉक्टर सकाळी येतील." बोलता येत नसल्याने ते पाटीवर लिहायचे. दहाव्या दिवशी त्यांनी पाटीवर एकच शब्द लिहिला, 'घर'. त्यानंतर जी टीम मिळाली तिच्याकडे इमारत म्हणावी असं काही नव्हतं. एक जुनी गाडी, दोन नर्सताई आणि आठवड्यातून दोनदा येणारे एक डॉक्टर. पुढचे सात आठवडे त्यांनी आण्णांना सांभाळलं, आणि आम्हालाही.

तेव्हापासून अमळनेर, पारोळा, शिरपूर, शहादा अशा ठिकाणी नात्यातल्या, ओळखीतल्या माणसांसोबत मी अशा सेवा बघायला जाते. जाताना डोक्यात एकच प्रश्न असतो. रात्री दोनला दुखायला लागलं, तर पहाटेपर्यंत इथे काय होईल? खाली जे लिहिलंय ते सगळं त्या एका प्रश्नाचं उत्तर काढून घेण्यासाठी आहे.

आधी नावांचा घोळ

हॉस्पिस, पॅलिएटिव्ह केअर, उपशामक सेवा, परिहार सेवा, होम केअर हे सगळे शब्द आपल्याकडे एकमेकांच्या जागी वापरले जातात. पॅलिएटिव्ह म्हणजे त्रास कमी करणारी सेवा. ती आजार कळल्या दिवसापासून, मूळ उपचार चालू असतानाही देता येते. हॉस्पिस हा तिचाच शेवटच्या टप्प्याचा भाग. आज आपण जिला हॉस्पिस म्हणतो ती पद्धत १९६७ मध्ये लंडनला सिसिली सॉन्डर्स यांनी सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस सुरू केलं तिथून आली. भारतातलं पहिलं हॉस्पिस १९८६ चं, मुंबईत वांद्र्याला, शांती आवेदना सदन. पुण्याला वारज्यात सिप्लाचं केंद्र १९९७ पासून आहे. आणि ही सेवा फक्त कॅन्सरची नाही. किडनी निकामी झालेले, हृदय थकलेले, दम्याने फुप्फुसं गेलेले, अर्धांगाने वर्षानुवर्षं खाटेवर असलेले, हे सगळे तिचे हक्कदार आहेत.

खान्देशात तुमच्यासमोर साधारण पाच प्रकारचे लोक येतील: सरकारी दवाखान्याचा पॅलिएटिव्ह कक्ष, एखादा सेवाभावी ट्रस्ट, खासगी हॉस्पिटलचं 'होम केअर', नर्स आणि मावशी पुरवणारा ब्युरो, आणि आजारी माणसं ठेवून घेणारा वृद्धाश्रम. शेवटचे दोन वाईट असतात असं नाही. पण ब्युरो माणूस पुरवतो, उपचार पुरवत नाही. बारा तासांची मावशी अंग पुसेल, भरवेल, कूस बदलेल. वेदनेचं औषध ठरवणं तिचं काम नाही, आणि तसं तिच्याकडून करून घेणारा ब्युरो असेल तर तिथून निघा. कोणता प्रकार समोर आहे ते पहिल्या पाच मिनिटांत विचारून घ्या, कारण पाटीवर बहुधा सगळ्यांच्याच 'केअर सेंटर' लिहिलेलं असतं.

पायरी १: फोन करण्याआधी घरातला एक कागद

पेशंटला विचारा. खरंच विचारा. आमच्याकडे सगळे निर्णय ओट्यावर बसलेले पुरुष घेतात आणि ज्याचं दुखतंय तो आत खाटेवर असतो. कुठे राहायचंय, कोण जवळ हवंय, काय नकोय, हे त्याच्या शब्दांत लिहा. मग त्रासांची यादी: दुखणं कुठे, कधी जास्त, झोप किती तास, पोट साफ कधी झालं, गिळता येतं का, जखम आहे का, नळी आहे का. तिसरी गोष्ट, घरात रात्री जागायला कोण आहे. सून एकटी असेल आणि कापूस वेचणीचे दिवस असतील, तर तसंच लिहा. चौथी, रस्ता. पावसाळ्यात गाव तुटतं का, रात्री गाडी मिळते का.

हा कागद समोरच्या टीमला द्या आणि ते काय करतात ते बघा. चांगली टीम तो वाचून उलटे प्रश्न विचारते. ज्यांना फक्त "पेशंटचं वय किती, रूम कोणती हवी" एवढंच हवं असतं, ते तिथेच कळतात.

पायरी २: मॉर्फिनचा प्रश्न

हा भाग मोठा आहे, कारण बहुतेक ठिकाणं इथेच उघडी पडतात.

कॅन्सरच्या तीव्र वेदनेवर तोंडाने घ्यायची मॉर्फिनची गोळी हे जुनं, स्वस्त आणि खात्रीचं औषध आहे. जागतिक आरोग्य संघटनेने वेदनाशमनाची पायऱ्यांची पद्धत १९८६ मध्ये मांडली, तिच्या वरच्या पायरीवर मॉर्फिन आहे. आपल्याकडे १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यामुळे ते ठेवणं इतकं किचकट झालं की बऱ्याच दवाखान्यांनी नाद सोडला. २०१४ मध्ये त्या कायद्यात दुरुस्ती झाली. मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन यांच्यासह सहा औषधं 'अत्यावश्यक' ठरली, आणि वेगवेगळ्या परवान्यांच्या जागी राज्याच्या औषध नियंत्रकांची एकच मान्यता पुरेशी झाली. अशी मान्यता असलेल्या दवाखान्याला 'मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था' म्हणतात. म्हणून सरळ विचारा, "तुमच्याकडे मॉर्फिन ठेवायची मान्यता आहे का? नसेल तर तुमचे पेशंट ते कुठून आणतात?"

"आम्ही मॉर्फिन देत नाही, त्याने सवय लागते," असं कोणी म्हणालं, तर त्याला ही सेवा येत नाही असं समजायला मी आता कचरत नाही. वेदनेसाठी, ठरवून, वेळेवर दिलेल्या मॉर्फिनचं व्यसन लागणं विरळ आहे. "अजून वेळ आलेली नाही, ते अगदी शेवटी द्यायचं असतं," हेही चुकीचं. वेदना तीव्र असेल तर ते महिनोन्महिने देता येतं, आणि डोस हळूहळू वाढवता येतो.

आणखी चार प्रश्न विचारा. उत्तरं पाठ करून जाण्यासारखी आहेत.

वेळ कशी ठरवता? साधी गोळी चार तास पुरते. म्हणून ती घड्याळाने द्यायची, दुखायची वाट बघायची नाही. आमच्या नर्सताईंनी भिंतीवर कागद लावला होता: सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, सहा आणि रात्री दहाला दुप्पट, म्हणजे मधली झोप मोडत नाही. डोस प्रत्येकाचा वेगळा, तो डॉक्टरच ठरवतात. पण "दुखलं की द्या" एवढंच सांगून जाणारी टीम काम अर्धवट करते.

मधेच उसळलं तर? दोन वेळांच्या मध्ये वेदना उसळली तर द्यायचा जादा डोस घरात आधीच ठेवलेला असला पाहिजे, लिहून दिलेला.

पोटाचं काय? मॉर्फिनने बद्धकोष्ठ जवळपास हमखास होतं. पहिल्या गोळीसोबतच पोट साफ होण्याचं औषध सुरू व्हायला हवं. हा प्रश्न मी नेहमी विचारते, कारण ज्याला काम येतं त्याच्या तोंडून ते औषध न विचारता बाहेर पडतं.

नळीतून द्यायची झाली तर? आपल्याकडे तंबाखू-गुटख्यामुळे तोंडाचे कॅन्सर फार, आणि त्यात बरेच जण नाकातल्या नळीवर असतात. साधी गोळी बारीक करून पाण्यातून देता येते. हळूहळू सुटणारी, दीर्घकाळाची गोळी कधीच कुटायची नसते, तिचं सगळं औषध एकदम अंगात उतरतं. फेंटानिलची, म्हणजे वेदनेच्या औषधाची, कातडीवर चिकटवायची पट्टी लावत असतील, तर उन्हाबद्दल विचारा. ताप किंवा बाहेरची उष्णता वाढली की पट्टीतलं औषध जास्त वेगाने शोषलं जातं. ज्या मुलखात मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर जातो, पत्र्याच्या घराची भट्टी होते, तिथे हे सांगितल्याशिवाय पट्टी लावून जाणं धोक्याचं आहे.

पायरी ३: रात्रीचा फोन

भेट ठरवण्याआधी त्यांच्या रात्रीच्या नंबरवर रात्री दहानंतर एकदा फोन करा. उगाच सतवायला नाही. "आमचे वडील असे असे आहेत, दाखल करायचा विचार आहे, रात्री दुखलं तर काय करायचं?" असं खरं खरं सांगा. फोन उचलला जातो का, उचलणारा नर्स आहे की वॉचमन, तो सल्ला देऊ शकतो की "उद्या या" म्हणतो, एवढं ऐका. शनिवारी रात्री केलात तर आणखी बरं.

घरी येणारी टीम असेल तर विचारा, तुमच्या गावापर्यंत रात्री माणूस येतो का. नाही आलं तरी चालतं, खान्देशातली अंतरं सगळ्यांनाच ठाऊक आहेत. पण मग फोनवर काय काय सांभाळता येईल याची तयारी त्यांनी घरात करून ठेवली पाहिजे: कोणत्या त्रासाला कोणतं औषध, ते कुठल्या डबीत, किती. आमच्याकडे प्लास्टिकच्या तीन डब्या होत्या, लाल, पिवळी, निळी. मायला वाचता येत नाही, पण कोणती डबी कधी उघडायची ते तिला चोख ठाऊक होतं.

लाइट जाण्याबद्दल विचारायला विसरू नका. ऑक्सिजनचं मशीन, हवेची गादी, कफ ओढायचं यंत्र, सगळं विजेवर. लाइट गेल्यावर काय, हे ज्यांनी आधी विचारात घेतलंय ते सिलिंडर किंवा बॅटरीचं बोलतात. आणि हेही लक्षात असू द्या, की धाप लागलेल्या प्रत्येकाला ऑक्सिजन लागतोच असं नाही. चेहऱ्यावर येणारा साधा पंखा, डोक्याकडची बाजू उंच आणि अगदी कमी डोसाचं मॉर्फिन याने पुष्कळांची धाप कमी होते. मशीनचं भाडं लावण्याआधी हे करून बघणारे लोक बरे.

पायरी ४: जाऊन बघणं

सकाळी राउंडच्या वेळी जाऊ नका, तेव्हा सगळं टापटीप असतं. दुपारी तीन-चारला जा. आधी वास घ्या. फिनाइलचा उग्र दर्प म्हणजे स्वच्छता नव्हे. जखमेची दुर्गंधी असेल तर त्या पेशंटची जखम नीट सांभाळली जात नाहीये. गालातून बाहेर आलेल्या गाठींना वास येतो, त्यावर मेट्रोनिडाझोलची पूड टाकून वास बराच कमी करता येतो. हे स्वस्त औषध आहे. जखमेत अळ्या पडल्या तर काय करता, हेही विचारा. नाक मुरडणारा किंवा घरच्यांना दोष देणारा माणूस नको. आमच्या नर्सताईंनी शेजारच्या गावातल्या एका आजोबांच्या जखमेतल्या अळ्या तासभर बसून एकेक करून काढल्या, सोबत त्यांच्याशी केळीच्या भावाची चर्चा करत. आजोबांचं तोंड कोणी जवळून बघितलं त्याला तेव्हा दोन महिने झाले होते, घरचेही लांबूनच बोलायचे.

मग पेशंटांकडे बघा, परवानगी घेऊन. ओठ सुकलेले, जिभेवर पांढरा थर, म्हणजे तोंडाची निगा नाही. नखं, डोळ्यांचे कोपरे, चादरीच्या सुरकुत्या बघा. स्वतःहून हलता न येणाऱ्याची कूस साधारण दर दोन तासांनी बदलायची असते. खाटेजवळ त्याचा तक्ता आहे का आणि तो आत्ता तीन वाजता रात्री आठपर्यंतचा भरून ठेवलाय का, हे दोन्ही बघण्यासारखं आहे. दुसरा प्रकार मी स्वतः पाहिलाय.

वेदना मोजतात का, कशी लिहितात, हे विचारा. शून्य ते दहा अशी मोजपट्टी सगळीकडे असते. आण्णांना ती कळेना. नर्सताई पाचोऱ्याकडच्या होत्या. त्यांनी विचारलं, "रुपयामा कितला आना दुखस?" जुन्या रुपयाचे आणे सोळा. आण्णांनी पाटीवर लिहिलं, 'बारा'. त्या दिवसापासून वहीत वेदना आण्यांत नोंदली गेली. बारा आणे, दहा आणे, सहा आणे. डॉक्टरही तीच वही बघून डोस ठरवायचे. माणसाच्या भाषेत विचारणं ही सेवेची शोभा वाढवणारी वरची गोष्ट नाही, तिच्यावरच डोस ठरतो. अहिराणी, लेवा बोली, सातपुड्यात पावरी किंवा भिली बोलणारं कोणी टीममध्ये आहे का, हे म्हणूनच विचारा. धडगावहून आलेल्या पावरी आजीला मराठीत "दुखतंय का" विचारून ती मान हलवते म्हणून 'वेदना नाही' लिहिणं, असं होतं.

निघताना बाहेर चहाच्या टपरीवर दहा मिनिटं थांबा. तिथे नातेवाईक असतात. "रात्री बोलावलं तर येतात का?" एवढं विचारलं तरी पुरे. आणि झाडणाऱ्या मावशींशी बोला. त्यांचा पगार वेळेवर होतो का, त्या किती दिवसांपासून आहेत, यावरून रात्रपाळीचा बराच अंदाज येतो.

पायरी ५: पहिली घरभेट

घरी येणारी टीम असेल तर खरी परीक्षा पहिल्या भेटीत. नर्स खाटेशेजारी बसते की उभ्या उभ्या बीपी घेऊन निघते? आधी पेशंटशी बोलते की घरातल्या कर्त्या पुरुषाशी? जो रात्री जागणार आहे त्याला शिकवते का? आमच्या वहिनीला त्यांनी नळीतून भरवणं, कूस बदलणं, तोंड पुसणं करून दाखवलं, मग तिच्याकडून करवून घेतलं, आणि मग तिलाच विचारलं, "ताई, तुमचं जेवण झालं का?" वहिनी रडायलाच लागली. सहा महिन्यांत तिला ते कोणी विचारलं नव्हतं.

"पेशंटला सांगू नका" हा आपल्याकडचा नेहमीचा आग्रह. चांगली टीम त्यावर घरच्यांना रागावत नाही आणि पेशंटशी खोटंही बोलत नाही. ती आधी पेशंटला विचारते, तुम्हाला आजाराबद्दल काय माहीत आहे, आणखी काय कळायला हवंय. बऱ्याचदा त्याला सगळं ठाऊक असतं, आणि तोच घरच्यांना जपत असतो. आण्णांनी पहिल्याच भेटीत लिहिलं, 'पोरास्ले सांगजो नका.'

सलाईनबद्दल टीम काय बोलते ते ऐका. "काही नाही तर निदान सलाईन तरी लावा" असं आपण सगळेच म्हणतो, कारण काही केल्यासारखं वाटतं. अगदी शेवटच्या दिवसांत भूक-तहान आपोआप कमी होते, आणि भरपूर सलाईनने अंग सुजतं, छातीतली घरघर वाढते. जी टीम हे शांतपणे समजावून ओठ ओले ठेवायला शिकवते ती खरी. रोजची बाटली आणि रोजचं बिल लावणाऱ्यांचं मी समर्थन करू शकत नाही.

पायरी ६: कागद आणि पैसे

इथे फार वेळ घालवू नका, पण सोडूही नका. खाटा असलेल्या ठिकाणाकडे महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखालचं प्रमाणपत्र हवं. २०२१ च्या नियमांनुसार रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दिसेल असं लावणं बंधनकारक आहे. ट्रस्ट असेल तर धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी विचारा. रोजचा दर, त्यात काय येतं, डायपर-ड्रेसिंगचे वेगळे का, मधेच घरी नेलं तर अनामत परत मिळते का, हे लिहून घ्या. मोफत सेवा म्हणजे कमी प्रतीची असा समज असेल तर तो काढून टाका. आमची दुसरी टीम पैसे घेत नव्हती. उलट सेवा मोफत म्हणून कोणी वारंवार 'देणगी' सुचवत असेल, तर सावध व्हा.

पायरी ७: शेवटच्या दोन दिवसांचं आधीच बोलणं

हे बोलणं टाळणारी टीम निवडू नका. विचारा: श्वास बदलला, घरघर सुरू झाली, तर काय कराल? "अॅम्ब्युलन्स बोलावून आयसीयूत हलवू" हे ज्यांचं एकमेव उत्तर आहे त्यांच्याकडे शेवटाची तयारी नाही. घरघरीवर औषधं आहेत, कुशीवर वळवणं आहे. अस्वस्थतेवर कातडीखालून देता येणारी इंजेक्शनं आहेत.

तोंड-मानेच्या कॅन्सरमध्ये एक प्रश्न खास, आणि विचारताना घसा कोरडा पडतो तरी विचारा: मानेतून एकदम मोठा रक्तस्राव झाला तर? ज्यांनी हे पाहिलंय ते गडद रंगाचे टॉवेल खाटेखाली ठेवायला सांगतात, म्हणजे रक्ताचा लाल रंग पेशंटला आणि पोरांना दिसून धसका बसत नाही. शांत करणारं औषध आधीच भरून ठेवतात, आणि कोणी हात धरून बसायचं तेही ठरवून देतात. आमच्याकडे मायची दोन जुनी गडद निळी लुगडी घडी घालून ठेवली होती. लागली नाहीत.

व्हेंटिलेटर नको असं पेशंटने ठरवलं असेल तर ते लेखी करता येतं. सन्मानाने मरण्याचा हक्क आणि आगाऊ वैद्यकीय निर्देश सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ च्या निकालात मान्य केले, आणि जानेवारी २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची साक्षांकित सही पुरते. टीमला याची माहिती आहे का, ते विचारा.

घरी मृत्यू झाला तर डॉक्टर येऊन मृत्यूच्या कारणाचा दाखला देतील का, हे आजच ठरवा. नोंद २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत करायची असते. हे न ठरवल्यामुळे एका घरात लोक जमलेले, तिरडी बांधलेली, आणि थोरला मुलगा मोटारसायकलवर डॉक्टर शोधत फिरतोय, असं मी पाहिलंय.

जिथे जवळ कोणीच नाही

अक्कलकुवा, धडगाव, किंवा चोपडा-यावलच्या वरच्या अंगाचे पाडे. इथे निवडायला दोन-तीन नावं समोर नसतात. मग तुकडे जोडावे लागतात, आणि पारख करायची ती जोडणीची. राष्ट्रीय पॅलिएटिव्ह केअर कार्यक्रम २०१२ मध्ये ठरला, आणि आरोग्यवर्धिनी केंद्रांच्या (२०२३ पासून त्यांचं नाव 'आयुष्मान आरोग्य मंदिर') बारा सेवांमध्ये उपशामक सेवेचा समावेश आहे. म्हणून आधी उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना आणि आशाताईंना भेटा. जिल्हा रुग्णालयात असंसर्गजन्य आजारांच्या कक्षात जाऊन पॅलिएटिव्ह सेवेची चौकशी करा. धुळे, जळगाव, नंदुरबार तिन्हीकडे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. तिथला भूलतज्ज्ञ विभागही विचारण्यासारखा, वेदनेचं काम बऱ्याच ठिकाणी तेच बघतात. जिथे मूळ उपचार झाले, मुंबई असो की सुरत, तिथल्या पॅलिएटिव्ह विभागाचा फोन नंबर सुट्टी घेतानाच घ्या आणि स्थानिक डॉक्टरांचं त्यांच्याशी एकदा बोलणं करून द्या. फोनवरच्या सल्ल्याने पुष्कळ होतं. पण २०२० च्या टेलिमेडिसिन नियमांप्रमाणे मॉर्फिनसारखं औषध फोनवर लिहून देता येत नाही. कोणीतरी पेशंटला प्रत्यक्ष बघून चिठ्ठी द्यावी लागते, तो माणूस कोण आणि पुढची चिठ्ठी कोणत्या तारखेला, हे कॅलेंडरवर लिहून ठेवा. गोळ्या संपायच्या चार दिवस आधीची तारीख धरा.

कधी बदलायचं

सुरू झालेली सेवा बदलायला आपण लाजतो. "आता कुठे हलवायचं" म्हणतो. पहिल्या तीन दिवसांत वेदना अजिबात उतरली नाही आणि कोणी डोस फिरून बघितला नाही, विचारलं की उत्तराऐवजी दटावणी मिळते, नवीन फोड आला आणि तो आधी तुम्हाला दिसला, भेटीच्या वेळा पेशंटपासून नातेवाइकांना दूर ठेवण्यासाठीच आहेत असं वाटतं, यातलं काहीही झालं तर दुसरीकडे फोन लावा. नऊ दिवस आम्ही थांबलो होतो, ते थांबायला नको होतं. औषधांची यादी, शेवटचा डोस किती वाजता दिला ते आणि फाइल मागून घ्या. ती देणं त्यांचं काम आहे.

शेवटची एक खूण आधी बघता येत नाही, पण आधी विचारता येते: माणूस गेल्यावर तुम्ही येता का?

आण्णा गेले आणि गंधमुक्ती, म्हणजे सुतक संपण्याचा विधी, झाल्यावर चार दिवसांनी नर्सताई आल्या. दारावर बसायला येणारी माणसं ओसरली होती, घर एकदम रिकामं झालं होतं. त्यांनी तिन्ही डब्या मागितल्या. उरलेल्या मॉर्फिनच्या गोळ्या मायसमोर ताटलीत ओतून मोजल्या, एकवीस निघाल्या, त्यांच्या रजिस्टरला लिहून वहिनीची सही घेतली आणि त्या परत नेण्यासाठी बांधल्या. मग आण्यांची वही उघडून शेवटचं पान मायला वाचून दाखवलं. सकाळी सहा, दोन आणे. सकाळी दहा, दोन आणे. दुपारी दोन, झोपलेत. मायने ते पान पुन्हा वाचायला सांगितलं, आणि ताईंनी चहा थंड होऊ देत पुन्हा वाचलं.